ट्रॅक चौकाआधी का संपतो?

सायकलवाल्याला गाडीने उडवले की आपली चौकशी ठरलेली असते. हेल्मेट होते का? मागे लाल दिवा होता का? मध्येच कशाला घुसला? पोलिसांचे बोट दुसरीकडे असते. चालकाने हयगयीने, अविचाराने, भरधाव गाडी चालवली असे फिर्यादीत लिहिले जाते, भारतीय न्याय संहितेची २८१ आणि, मृत्यू झाल्यास, १०६ ही कलमे लागतात आणि फाइल पुढे सरकते. दोन्हीकडे हिशेब माणसांच्या चुकांचाच. ती दोन माणसे जिथे एकमेकांच्या अंगावर आली, तो रस्ता कोणी आणि कसा आखला, हे ना फिर्यादीत येते ना आपल्या गप्पांत. माझे म्हणणे असे, की शहरातला सायकलचा अपघात हा आधी आखणीचा दोष असतो, मग माणसांचा. आणि हा दोष सर्वांत उघडा पडतो तो चौकात.

पुण्याचेच घ्या. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या या गावात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांच्या, निमित्ताने सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅक झाले. त्यांवर हातगाड्या लागतात, दुचाकी उभ्या राहतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर बोलून झाले आहे. त्याहून मोठी खोट अशी, की चौक जवळ आला की ट्रॅक संपतो. म्हणजे जिथे संरक्षण हवे तिथेच ते काढून घेतले जाते आणि सायकलवाला थेट डावीकडे वळणाऱ्या बसच्या कडेला येतो. लांब गाडी वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून येत नाहीत. ती आतली बाजू कापत येतात. केबिनच्या डाव्या कुशीतली सायकल चालकाला आरशात दिसत नाही, आणि सायकलवाला मागच्या इंडिकेटरच्या पुढे गेलेला असल्याने त्यालाही बस वळतेय हे कळत नाही. दोघेही सरळमार्गी असले तरी अपघात होऊ शकतो. लंडनमध्ये सायकलस्वारांच्या मृत्यूंत मालट्रकांचा वाटा रस्त्यावरच्या त्यांच्या संख्येच्या मानाने फारच मोठा आढळला. तेव्हा तिथे नुसता चालकांना उपदेश करून कोणी थांबले नाही. बारा टनांवरच्या ट्रकच्या केबिनमधून थेट किती दिसते हे तपासून परवाना घेणे २०२१ पासून सक्तीचे झाले.

हेल्मेटचे काय, असे विचारले जाईल. जरूर घालावे, पडल्यावर डोके वाचते. पण बसच्या मागच्या चाकापुढे त्याचा उपयोग शून्य. शिवाय ऑस्ट्रेलियात १९९० नंतर सक्ती आली तेव्हा सायकल चालवणारी मुले, विशेषतः किशोरवयीन, कमी झाल्याचे दिसले, आणि सायकली कमी होणे हाच एक धोका आहे. जेकबसन या अभ्यासकाने २००३ मध्ये अनेक शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासून दाखवले, की सायकलस्वार दुप्पट झाले तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. आता कोणी म्हणेल, रस्ता सुरक्षित असतो म्हणून सायकली वाढतात, सायकली वाढल्याने रस्ता सुरक्षित होतो असे नाही. हरकत रास्त आहे, पण तीही आखणीकडेच बोट दाखवते.

दुसरा आक्षेप अधिक ठसक्यात येतो: सायकल चालवतोच कोण, आणि जागा आहे कुठे? चालवणारे आहेत. ते पेपर टाकतात, बांधकामावर जातात, रात्रपाळीच्या पहाऱ्यावरून परततात. फक्त ते नगरसेवकाकडे निवेदन घेऊन जात नाहीत. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ पासून चार-पाच वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले मार्ग बांधले, पार्किंगची जागा कमी करून. आणि सायकलच्या फेऱ्या कैक पटींनी वाढल्या. यातला 'जोडलेले' हा भाग आपण सोडून देतो. पुण्याच्या २०१७च्या सायकल आराखड्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे आहे, पण लांबी मोजून काय साधणार? निविदा लांबीवर निघते म्हणून आपण किलोमीटर मोजतो. खरे तर चौक मोजायला हवेत. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर वेगळ्या ट्रॅकचा हट्ट मीही धरणार नाही. तिथे गाड्यांचा वेग ताशी तीस किलोमीटरवर आणला तरी भागते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उलट मोठ्या रस्त्यावर नुसता पांढरा पट्टा ओढणे म्हणजे रंगाचा अपव्यय.

कायद्यात याला आधार नाही असेही नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. आखणी, बांधणी किंवा देखभालीत ठरलेले सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरणाला, सल्लागाराला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्याच्या कामांच्या रकमा पाहता हा दंड किरकोळच. यावर अभियंते म्हणतात, अशाने कोणी सहीच करणार नाही. पण बसचालक रोज तुरुंगाची जोखीम डोक्यावर घेऊन स्टिअरिंगवर बसतोच की! अडचण वेगळीच आहे: निकष मोडल्याचा पुरावा कोण गोळा करणार? तो पंचनाम्यातच यायला हवा. चाकाच्या खुणा आणि रक्ताचे डाग लिहिणाऱ्या पंचांनी त्याच कागदावर ट्रॅक चौकाच्या किती मीटर आधी संपला, चेंबरचे झाकण किती इंच खचले होते आणि गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने होत्या की आडव्या, हेही टेप लावून लिहावे.