सायकलवाट रिकामी का असते?

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सायकलींसाठी वेगळ्या मार्गिका बांधण्यात आल्या. २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने त्या काढून ती जागा मोटारींना देण्याचा निर्णय घेतला. मार्गिकेवर सायकली फारशा दिसत नाहीत, शेजारच्या रस्त्यावर मात्र वाहनांची कोंडी होते, असे त्यामागचे कारण. वर्ध्यात बसून ही बातमी वाचताना मला नवल वाटले. तिथे वाट आहे, पण सायकल नाही. आमच्याकडे सकाळी खेड्यांकडून शहरात येणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. हँडलला डब्याची पिशवी अडकवलेला मजूर, डोक्याला दुपट्टा बांधलेला म्हातारा, कॅरियरला दप्तर लावलेल्या शाळकरी मुली सायकलवर जाताना दिसतील. इथे सायकली आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्यासाठी वाट नाही.

मग प्रश्न पडतो, मुंबईतली ती वाट रिकामी का राहिली? लोकांना सायकल नको होती म्हणून, की त्या वाटेपर्यंत पोचायलाच वाट नव्हती म्हणून?

संकुलात कामाला जाणारी हजारो माणसे लोकलने वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावर उतरतात. तिथून कचेरीपर्यंतचे अंतर सायकलला सोयीचे. पण स्थानकाबाहेरच्या गर्दीत, म्हणजे जिथे जीव मुठीत धरून जावे लागते नेमके तिथेच, सायकलस्वाराला आधार नव्हता. वाट होती ती आत, रुंद आणि गुळगुळीत रस्त्यांच्या कडेला. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण दोर अर्ध्यावरच संपतो. आणि मग आपण म्हणतो की गावाला तहानच नाही!

पुण्याची कथाही याहून फार निराळी नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ते ओळखले जाई. पुढे स्कूटर आली. आमचे वर्धा म्हणजे जमनालाल बजाजांची कर्मभूमी. त्यांच्याच घराण्याच्या कारखान्यातून, पुण्याजवळच्या आकुर्डीहून, १९७२ पासून ‘चेतक’ निघू लागली आणि मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. त्यात वाईट काही नव्हते. घामाघूम होऊन पायडल मारणाऱ्याला आराम हवाच असतो. पण रस्ते हळूहळू फक्त आराम मिळालेल्यांचे झाले. पुढे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या काळात पुण्यात सायकल मार्ग बांधले गेले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. मार्ग मात्र तुटक राहिले. मधेच विजेचा खांब, मधेच बसथांबा, मधेच उभी केलेली मोटार. शंभर पावलांवर उतरून सायकल उचलावी लागत असेल, तर शहाणा माणूस सरळ रस्त्यावरून जातो. मग वाट रिकामी दिसते, आणि रिकामी दिसते म्हणून ती काढा, अशी मागणी येते.

या वादात आणखी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. मोटारवाला कर भरतो, सायकलवाला काय भरतो? माझ्या वयाच्या श्रोत्यांना सायकलचा बिल्ला आठवत असेल. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत असत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा छोटा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवी, डबल सीट दिसली तरी अडवी. म्हणजे सायकल हे तेव्हा वाहन होते, तिला नियम होते आणि म्हणून मानही होता. कर गेला, बिल्ला गेला, पाठोपाठ मानही गेला. शिवाय टायरसारख्या कितीतरी वस्तूंवर गरीब माणूस कर भरतच असतो. रस्ता त्या पैशातूनही होतो.

पण दुसरी बाजूही बघितली पाहिजे. प्रत्येक सायकलवाट राखण्यासारखी असतेच असे नाही. मुंबईतच पवई तलावाच्या कडेने महापालिकेने सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधायला घेतला होता. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून काढायला लावले आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. ते योग्यच झाले असे मला वाटते. तलावाची पाणथळ जागा बुजवून केलेली वाट ही हवा खायला जाणाऱ्यांची होती, कामाला जाणाऱ्यांची नव्हे. दोन्हींना आपण सायकलवाट म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

हा वाद आपल्याकडेच आहे असेही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरांटोच्या तीन मोठ्या रस्त्यांवरील सायकल मार्गिका काढायचे ठरवले. कारण तेच, कोंडी. सायकलस्वार न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी तिथल्या न्यायाधीशांनी निकाल दिला की, मार्गिका काढल्याने कोंडी सुटेल याला आधार नाही, सायकलस्वारांच्या जिवाचा धोका मात्र वाढेल. म्हणून कायद्यातली ती तरतूद घटनेत दिलेल्या जीविताच्या हक्काविरुद्ध आहे. सरकारने अपिलाची भाषा केली, हा भाग वेगळा. पण रस्त्याची रुंदी हा माणसाच्या जगण्याचा प्रश्न आहे, असे एका न्यायालयाने म्हटले, हे मला मोलाचे वाटते.

आता पुन्हा आपल्याकडे वळू. महाराष्ट्र शासन मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते. फार चांगली योजना. ज्या घरात मुलीला ‘शाळा लांब आहे, घरी बस’ असे सांगितले जाई, तिथे ही सायकल शिक्षणाचे दार उघडते. पण ती मुलगी गावाबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागते तेव्हा तिच्या शेजारून ट्रक जातो, ऊस वा कापूस भरलेली गाडी जाते. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने रस्त्याची कड काढून घ्यायची, हा कुठला हिशेब?

आणि आमच्या उन्हात कड म्हणजे केवळ डांबर नव्हे, सावलीही. महादेवभाई देसाई मगनवाडीहून सेवाग्रामला पायी जात-येत, त्याच बाजूच्या मार्गावरची जुनी झाडे २०२० मध्ये रुंदीकरणासाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्धेकर विरोधाला उभे राहिले. मोटारीत बसलेल्याला झाड म्हणजे अडथळा वाटू शकतो. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात पायडल मारणाऱ्याला मात्र तेच झाड निम्मी वाट असते.

मी कवी माणूस, वाहतूकशास्त्र माझा प्रांत नाही. तरी एवढे कळते की, एखादी वाट काढण्याआधी ती कुठून निघते, कुठे पोचते आणि मधे कुठे तुटते, हे पाहिले पाहिजे. तुटली असेल तर आधी जोडावी, तिच्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारी हटवाव्यात, आणि मग वर्षभराने मोजणी करावी. ही मोजणी भर दुपारी वातानुकूलित कचेरीच्या खिडकीतून मात्र करू नये. सकाळी शाळेच्या फाटकाशी, कारखान्याच्या दाराशी, मजूर अड्ड्यावर उभे राहून करावी. तिथे कोण कसा पोचला, हे त्यालाच विचारावे.