एका तारखेची माणसे



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, ऊस, रक्तदाब असे भारदस्त विषय होत असताना, सिनेमा-दूरचित्रवाणीवरील एकाच तारखेस जन्मलेल्या कलावंतांवर बोलण्याचे मी कबूल केले, याचे काहींना नवल वाटले असेल. वर्तमानपत्रात रोज एक चौकट येते, आज अमुक नटाचा वाढदिवस, तमुक नटीचा वाढदिवस. ती वाचून आपण पान उलटतो. पण कामगार संघटनेत ज्याची हयात गेली, त्याला जन्मतारीख हा करमणुकीचा विषय राहत नाही. निवृत्ती, पेन्शन, विमा, सगळे तिच्यावर टांगलेले असते.

आपल्याकडे ती तारीख कशी ठरत असे, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालायला नेले, की मास्तर त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगत. हात कानाला लागला की पोरगा सहा वर्षांचा. आणि तारीख लागे १ जून. गावेच्या गावे १ जूनला जन्मलेली! पुढे कारखान्यांतून ३१ मे रोजी एकदम निरोपसमारंभ होतात, ते त्यामुळे. एका कामगाराच्या शाळेच्या दाखल्यावर एक साल आणि कारखान्याच्या कागदावर दुसरे, एवढ्यावरून त्याची पेन्शन दोन वर्षे अडकलेली मी पाहिली आहे. त्या दोन वर्षांत त्याने ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांची नावे घेत नाही.

१ जून ही खरोखरीची जन्मतारीख असलेली माणसेही असतात. नर्गिस १ जून १९२९ च्या. आणि दोनच दिवस पुढे गेलात, तर ३ जूनला एक फार चांगली जोडी सापडते. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर ३ जून १८९० चे, आणि आपल्या शेजारच्या अकलूजची रिंकू राजगुरू ३ जून २००१ ची. मध्ये एकशे अकरा वर्षे. बाबुरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यात व्ही. शांताराम तरुण शेतकरी झाले होते. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, अशी ती कथा. ही कथा ध्यानात ठेवा. पुढे कामास येईल.

तुम्ही म्हणाल, जेऊरला येऊन जेऊरच्या माणसाची तारीख का घेतली नाही? नागराज मंजुळे २४ ऑगस्टचे. ती तारीखही मोठी आहे. बहिणाबाई चौधरी २४ ऑगस्ट १८८० च्या. अक्षर न गिरविलेल्या त्या बाईची गाणी, ती गेल्यानंतर दहा वर्षांनी, १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात गाजली. पण गावच्या माणसावर गावात व्याख्यान द्यावे, इतका धीट मी नाही. तुम्ही त्यांना चिंचेखाली खेळताना पाहिलेले; मी काय सांगणार?

म्हणून मी १ ऑगस्ट ही तारीख घेतली आहे.

त्याआधी ज्योतिषाचा निकाल लावू. एकाच दिवशी जन्मलेल्यांचे नशीब एकसारखे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु तारीख जुळणे यात चमत्कार नाही, हिशेब आहे. एका खोलीत फक्त २३ माणसे बसवा. त्यांतील कोणा तरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. हे खोटे वाटते, कारण आपण प्रत्येक जण स्वतःच्या तारखेशी जुळवून पाहतो. पण २३ माणसांच्या जोड्या होतात २५३, आणि जुळायला कोणतीही एक जोडी पुरते. या मंडपात तर माणसे कितीतरी अधिक आहेत, आणि शिवाय १ जूनवाले आहेतच! तेव्हा तीन कलावंतांची तारीख एक निघाली यात ग्रहांचे कर्तृत्व नाही. त्यांच्यात तारखेपलीकडे जे सारखे आहे, ते ग्रहांनी नव्हे, मुंबईच्या गिरण्यांनी आणि तेथील बिऱ्हाडांनी घडविलेले आहे.

पहिले भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले मास्टर भगवान, भगवानदादा. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावती. वडील कापडगिरणीतले कामगार. पोर वाढले दादर-परळच्या गिरणगावात. स्वतः मजुरीही केली. कुस्तीचा नाद होता, म्हणून 'दादा'. मूकपटाच्या अखेरच्या काळात ते सिनेमात शिरले. पुढे मारामारीचे, धावपळीचे स्वस्तातले चित्रपट ते काढू लागले. हे चित्रपट कोण पाहत असे? पाळी सुटल्यावर चार आणे हातात घेऊन येणारा गिरणीकामगार. शहाण्यासुरत्या समीक्षकांनी त्यांची दखल घेतली नाही. मला तर वाटते, त्या प्रेक्षकाला भगवान आपल्यातलाच दिसत असे: बुटका, जाडसर, चेहऱ्याने देखणा नाही, आणि तरी नायक.

चेंबूरला त्यांनी जागृती स्टुडिओ उभा केला. राज कपूर यांनी सुचविले की एखादा सामाजिक चित्रपट काढ, आणि १९५१ साली 'अलबेला' आला. निर्माता, दिग्दर्शक, नायक तेच. नायिका गीता बाली, गाणी राजेंद्र कृष्ण यांची, संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे. त्यातले भगवानदादांचे नाचणे पाहा. हात किंचित वर, खांदे हलके, पाय जागच्या जागी. ज्याला नाचता येत नाही त्यालाही ते येते. गणपतीच्या मिरवणुकीत आपली पोरे आजही जे नाचतात, त्यांतले निम्मे त्यांचेच आहे. हिंदी सिनेमातील मोठमोठ्या नायकांनी ती चाल उचलली.

मग पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी, असे सांगतात. पुढे चित्रपट पडले; 'हँसते रहना' नावाचा एक चित्रपट पुरा झालाच नाही, त्यात पैसा बुडाला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. भगवानदादा पुन्हा दादरच्या चाळीत आले, आणि गर्दीतला एक माणूस म्हणूनही काम करू लागले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते तेथेच वारले. २०१६ साली त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला. मंगेश देसाईंनी त्यांची भूमिका केली.

लोक या गोष्टीवर सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, उधळला, दुसरे काय! मला हे पटत नाही. गिरणीतला कामगार पगारातून पै-पैसा फंडात टाकतो, कारण कायद्याने मालकालाही तितकाच टाकावा लागतो. नटाला तशी सक्ती कोणावर? आज काम, उद्या नाही. त्याचा सगळा फंड म्हणजे त्याचा पुढचा चित्रपट. तो पडला की माणूस पडला.

याच भगवानदादांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या वेळी एका दृश्यात त्यांनी ललिता पवार यांच्या कानशिलात मारायची होती. ती इतक्या जोराने बसली की ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. येवल्याची ही नायिका. जवळजवळ तीन वर्षे उपचारांत गेली. परत आल्या त्या नायिका म्हणून नव्हे, तर सासू म्हणून, खाष्ट बाई म्हणून. त्या अधू डोळ्याचेच त्यांनी हत्यार केले. 'अनाडी'तील मिसेस डिसा केली आणि पुढे रामायण मालिकेत मंथरा. आपण सर्वांनी त्या मंथरेला घरात बसून शिव्या दिल्या आहेत.

सोलापूरच्या मागावर धोटा उडून कामगाराचा डोळा गेला, तर १९२३ च्या कायद्याने भरपाईचा हक्क होता. संघटना असली की तो मिळवता येई. नटीचा डोळा कामावर गेला, तर ते काय? तर ते नशीब! नटी ही कामगार आहे हेच कोणाच्या डोक्यात नव्हते, आणि बहुधा तिच्याही नव्हते. मारामारीचे दृश्य शिकविणारा जाणता माणूस, तालीम, अंतराची खूण, ही व्यवस्था यंत्राभोवतीच्या जाळीसारखीच आहे. मुंबईतील चित्रपट-कामगारांच्या निरनिराळ्या संघटनांनी १९५६ साली आपला महासंघ स्थापला. कामगाराशी लेखी करार केल्याखेरीज त्याला कामावर घेऊ नये, असा कायदा यायला १९८१ साल उजाडले. आणि २०२० च्या श्रमसंहितेत सिनेमाबरोबर मालिकांमध्ये राबणाऱ्यांनाही जागा मिळाली. 'दृक्‌श्राव्य कामगार' असा तो अवघड शब्द आहे.

दुसरी तारीख १ ऑगस्ट १९३३. दादर. महजबीन बानो, म्हणजे मीनाकुमारी. वडील संगीतातले, आई रंगभूमीवरची, घरात ओढग्रस्त. शाळेत जायच्या वयात पोर कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. विजय भट्ट यांचा 'लेदरफेस', साल १९३९. पहिल्या दिवसाच्या कामाचे पंचवीस रुपये मिळाले असे नोंदले गेले आहे. पंचवीस रुपये! त्या काळी गिरणीतल्या मोठ्या माणसाला ते मिळवायला कित्येक दिवस घाम गाळावा लागे. घराला आधार झाला, हे खरे. पण आधार झालेले मूल मग मूल राहत नाही. पुढचे 'बैजू बावरा', 'पाकिजा' सर्वांना ठाऊक आहे. 'पाकिजा' लागला आणि काही आठवड्यांतच, ३१ मार्च १९७२ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्यातील तीसहून अधिक वर्षे कामावर.

तिसरे अण्णाभाऊ साठे. १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. त्याच दिवशी मुंबईस सरदारगृहात लोकमान्य टिळक वारले. अण्णाभाऊंवर आपण वर्षाला एक तरी व्याख्यान ऐकता, म्हणून थोडक्यात सांगतो. दीड दिवसाची शाळा, वाटेगावहून पायी मुंबई, गिरणीत काम, घाटकोपरची चिरागनगर. आणि १९४४ साली लाल बावटा कलापथक. त्या पथकातले अमर शेख आपल्या बार्शीचे. त्यांचा आवाज मैदानात ध्वनिक्षेपकाशिवाय पोचे, असे जुनी माणसे सांगतात. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात ते दिसतातही.

अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर 'वैजयंता' निघाला १९६१ साली, 'फकिरा' १९६३ साली. लेखकाच्या कथेवर चित्रपट निघतो, थिएटरापुढे रांगा लागतात, आणि लेखक झोपडपट्टीत राहतो. १८ जुलै १९६९ ला ते गेले, ते हलाखीतच. गाण्याचा कवी आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा करार करूनही काढून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ साली झाली. सी. रामचंद्र जाऊन तोवर तीस वर्षे झाली होती. लग्नाच्या वरातीत 'अलबेला' मात्र अखंड वाजत होता.

आता 'सावकारी पाश' आठवा. गाव सुटलेला माणूस गिरणीत येतो, तेथे चित्रपट संपतो. भगवानदादांचे वडील आणि अण्णाभाऊ हे त्या शेवटच्या दृश्यापासून पुढे चालू झालेले लोक आहेत.

१ ऑगस्टला अलीकडचीही नावे आहेत. तापसी पन्नू १९८७ ची, दिल्लीची. मृणाल ठाकूर १९९२ ची, आपल्या धुळ्याची. ती आधी मालिकांत आली आणि मग सिनेमात गेली. रोजच्या मालिकेचे काम म्हणजे बारा-बारा तासांची पाळी, आणि पैसे हाती पडायचे ते पुष्कळदा नव्वद दिवसांनी. मालिकेतल्या सासूच्या पैठणीकडे पाहताना दिवे धरणाऱ्या पोराचा पगार तीन महिने मागे आहे, हे ध्यानी येत नाही.

या भागात आता चित्रीकरणाच्या गाड्या नेहमी येतात. 'फँड्री'ला, 'सैराट'ला आपलीच पोरे उभी राहिली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांची नावे आली, याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा. म्हणून आईबापांसाठी एक माहिती देतो. चौदा वर्षांखालील मुलाला चित्रपटात घेता येते, पण २०१७ च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांहून अधिक नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि लागोपाठ सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. मुलाच्या कमाईतील निदान वीस टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवायचे. ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळतात. निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची असते, म्हणजे जेऊरला चित्रीकरण असेल तर सोलापूरची. तो कागद बघायला मागा. आणि जाताना मुलाचा जन्माचा दाखला बरोबर न्या, ग्रामपंचायतीचा खरा, १ जूनचा नव्हे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. कोणास काही विचारायचे असल्यास मी बसलेलाच आहे. माझी गाडी रात्री उशिराची आहे.