शर्यत कुणाच्या पैशावर धावते?

बोलायचं आहे मोटारींच्या शर्यतींबद्दल. पण आजचा विषय मोटारीचा कमी, पैशाचा जास्त आहे.

अमेरिकेत दोन शर्यती फार लोकप्रिय. एक ड्रॅग रेस. दोन गाड्या शेजारीशेजारी, सरळ रस्ता, अंतर पाव मैल. सर्वांत वेगवान गाड्यांना तर 2008 पासून हजारच फूट धावायचं असतं. चार सेकंदांत खेळ खलास. दुसरी स्टॉक कार रेस. चाळीसेक गाड्या एकाच वेळी गोल मार्गावर तासन्‌तास फिरतात. डेटोनाची मानाची शर्यत 500 मैलांची आहे.

पैसा कुणाकडे गेला? एकाच सिगारेट कंपनीने 1971 मध्ये स्टॉक कारला हात दिला, 1975 मध्ये ड्रॅगला. तरी पुढे स्टॉक कार कितीतरी मोठी झाली, ती टीव्हीमुळे. 1979 मध्ये डेटोनाची शर्यत पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत थेट दाखवली. बर्फामुळे पूर्वेकडची माणसं घरात अडकलेली. शेवटच्या फेरीत दोन गाड्या धडकल्या आणि चालक गुद्द्यांवर आले. आणखी काय हवं? जाहिरातदाराला आपलं नाव पडद्यावर दिसत राहायला हवं असतं. तीन तास फिरणारी गाडी ते दाखवते, चार सेकंदांत गेलेली कशी दाखवणार? आज स्टॉक कारचा प्रक्षेपण करार सात वर्षांसाठी सुमारे 7.7 अब्ज डॉलरचा आहे.

ड्रॅगचा प्रेक्षक मात्र वेगळाच. तिथल्या मोठ्या स्पर्धांत तिकीट काढलं की थेट संघांच्या तळावर जाता येतं. दोन फेऱ्यांच्या मधे इंजिन उघडून पुन्हा बांधतात, ते हाताच्या अंतरावरून बघायचं. धुराने डोळ्यांतून पाणी येतं, पण माणूस हलत नाही. मला विचाराल तर हा प्रेक्षक जास्त पक्का.

आता आपल्याकडे या. बैलांच्या शर्यतींतही असेच दोन प्रकार आहेत. खेड, जुन्नर, आंबेगावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा एकेकटा सुटतो. एक बारी म्हणजे मोजके सेकंद, आणि सामना घड्याळाशी. सातारा-सांगलीकडे शर्यत तशी छोटीच, पण गाड्या एकदम सुटतात. गट, सेमीफायनल, फायनल. कोण पुढे, हे मोबाइलवर बघणाऱ्यालाही कळतं. घाटाची खरी मजा मात्र काठावर उभं राहून, निवेदकाच्या आरोळीतच.

पूर्वी दोन्हींचा खर्च गावच्या यात्रेच्या वर्गणीतून भागे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी पुन्हा परवानगी दिली. त्यानंतर बक्षिसांचं रूपच पालटलं. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिलं बक्षीस होतं जेसीबी! बैलांनी जेसीबी जिंकायचा, ही गंमत वेगळीच. एवढा पैसा वर्गणीतून उभा राहत नाही. तो पुढाऱ्यांकडून आणि प्रायोजकांकडून येतो, आणि फ्लेक्सवर बैलांपेक्षा त्यांचेच चेहरे मोठे असतात.

प्रायोजक वाईट नव्हे. पण तो एखाद्या वर्षी येतो आणि निवडणूक सरली की दिसत नाही, वर्गणी दरवर्षी येते. म्हणून यात्रा कमिटीत असाल तर बक्षीस आपल्या वर्गणीला झेपेल एवढंच ठेवा, आणि जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावा.