आमच्या पाठीमागे याचे कोण?

(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी धर्मग्रामाच्या वाढीचे वर्णन व्हावे हे उचितच. ते कार्य आमच्याहून अधिकारी वक्ते करतील. मिस्सेच्या वेळी दाराशेजारी उभ्या राहणाऱ्या आईबापांविषयी मात्र आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. घंटा वाजताच त्यांचा मुलगा कानांवर हात ठेवतो, जागच्या जागी डोलतो, एकच वाक्य पुनःपुन्हा उच्चारतो. आणि आपण माना वळवून पाहतो. आम्हीही पाहिले आहे, हे कबूल करणे भाग आहे.

या स्थितीस स्वमग्नता म्हणतात. आईबापांच्या लाडाचा वा हयगयीचा हा परिणाम नव्हे. मेंदूची घडणच मुळात निराळी असते. मूल लहान आहे तोवर शाळा असते, शिक्षक असतात. पुढे शाळा संपते, आणि धडधाकट तरुण घरात बसून राहतो. मग आईबापांस एकच चिंता ग्रासते : आमच्या पाठीमागे याचे कोण?

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. वैद्यांच्या सल्ल्यावरून १९३७ साली त्यास एका संस्थेत ठेविले. परंतु सुमारे वर्षभराने आईबापांनी त्यास घरी आणिले. वडील वकील होते. त्यांनी बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांस तेहेतीस पानांचे पत्र लिहिले. पुढे १९४३ साली कॅनरांनी अकरा मुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील पहिला मुलगा हाच.

त्या निबंधापेक्षा आम्हांस दुसरीच हकीकत मोलाची वाटते. १९४२ साली डोनाल्ड लुईस नावाच्या एका निपुत्रिक शेतकरी दांपत्याकडे राहावयास गेला. त्यास मापे घेण्याचा नाद होता. लुईस यांनी त्यास विहीर खणण्यास लावून तिची खोली सांगावयास सांगितले. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करी. त्यांच्यासाठी त्यांनी स्मशानभूमीची जागा नेमून दिली, आणि प्रत्येक थडग्यावर तो नावाची पाटी लावू लागला. मक्याच्या ओळी तो सारख्या मोजी. तेव्हा त्याच्या हाती नांगर दिला, की नांगरता नांगरता मोज. कॅनर भेटीस गेले तेव्हा त्यांच्यादेखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या. लुईस दांपत्याने खोड मोडली नाही. तिला काम दिले.

पुढे डोनाल्ड १९५८ साली पदवीधर झाला, बँकेत नोकरीस लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला. बँक आजोळचीच होती, हे खरे. इतके भाग्य सर्वांचे नसते. परंतु आईबाप वारल्यावरही तो त्याच घरात राहिला, गाव त्यास सांभाळून होते, आणि २०२३ साली एकुणनव्वदाव्या वर्षी तो निवर्तला.

आपल्याकडे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे, अठरा वर्षांपुढील अशा व्यक्तीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. सातबाऱ्यावरील एका नावासाठी तलाठ्याकडे दहा खेपा घालणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांस हे ठाऊक आहे?

पण पालकाच्या कागदाने सोबती मिळत नाही. आम्ही काही मंडळींनी गतवर्षी एका तरुणाची सोबत आरंभिली. त्यास गीतपुस्तकातील सारे क्रमांक मुखोद्गत. म्हणून फळ्यावर गीतांचे आकडे लावण्याचे काम त्याजकडे दिले. दोन महिने सारे सुरळीत चालले. एके दिवशी आम्ही बँडच्या तालमीची पूर्वसूचना दिली नाही, आणि तो पळत सुटला, सडकेवर सापडला. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून दिवस तोच, वेळ तीच, माणूस तोच, आणि बदल असल्यास आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगावयाचा, असा नेम ठेविला आहे. तीन आठवड्यांनी तो परतला. त्या रविवारी त्याच्या मातोश्री कित्येक वर्षांनी बाकावर बसल्या.

धर्मग्रामात अशी आणखी घरे आहेत. त्यांतील भावाबहिणींसही कधी सुटी हवी असते. आठवड्यातून एक तास देऊ शकतील अशा तरुण-तरुणींची नावे आज सभागृहाच्या दाराशी घेण्यात येतील. तास थोडा वाटेल. परंतु तो चुकवावयाचा नाही, एवढी अट आहे.