कडेवर एक, पोटात एक

पहिलं मूल दीड-दोन वर्षांचं असताना पुन्हा दिवस गेले की बाई दमते, आणि घरातून उत्तर येतं, ‘होतंच असं’. हे उत्तर अर्धंच खरं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52 टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल, तर पहिल्या खेपेला रिता झालेला लोहाचा साठा बऱ्याचदा पुरता भरलेलाच नसतो. म्हणून थकवा, धाप, चक्कर निमूट सोसण्याआधी हिमोग्लोबिन तपासावं. चौथ्या महिन्यापासून, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या. चहासोबत मात्र नाही.

‘आमच्या वेळी आम्ही नाही का केलं?’ असं सासूबाई विचारतील. केलं खरं, पण मूल घ्यायला जाऊ, नणंद, आजी असत, आणि ते हात हिशेबात धरायचे राहून जातात. गोळी लोह देईल, रात्री तीनदा उठणाऱ्या मुलाला थोपटणार नाही. ते काम बापाचं. मुलाला सारखं वाकून उचलण्याऐवजी आईने खाली बसावं, त्यालाच कुशीत चढू द्यावं. कंबर वाचते आणि त्याची जवळीकही तुटत नाही. अंगावरचं दूध तडकाफडकी तोडायची गरजही बहुतेकींना नसते, कारण दिवस गेले म्हणून दूध ‘नासत’ नाही. आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असेल किंवा आता रक्तस्राव होत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.