बूट पायाला विचारून घ्यावेत



आजचा विषय वाचून दोघांनी मला फोन केला होता, "तू खरंच बुटांवर बोलणार आहेस का?" खरंच बोलणार आहे. मी ह्यूस्टनमध्ये स्थापत्य अभियंता आहे. गेली अठरा वर्षं आठवड्यातले तीन-चार दिवस खडीवर आणि काँक्रीटवर उभं राहण्यात जातात. आपल्यातले फार्मासिस्ट, नर्सेस, हॉस्पिटलातले रेसिडेंट, रिफायनरीतले केमिकल इंजिनिअर, सगळे दिवसभर उभेच असतात. तरी आपण भेटलो की घराचं कर्ज, ग्रीन कार्ड, मुलांची कॉलेजं यांवर बोलतो, पायांवर बोलत नाही. हे नुसत्या दुर्लक्षामुळे होत नाही असं माझं मत आहे.

आधी मापाचं बघू. इथल्या जुन्या बुटांच्या दुकानात एक धातूची पट्टी असते, सरकत्या खुणांची. सायराक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी ती १९२० च्या दशकात तयार केली. ती तीन मापं देते: टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत लांबी, टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदी. आपण लक्षात ठेवतो फक्त पहिलं. बूट वाकतो कुठे हे दुसऱ्या मापावर ठरतं. तो चवड्यापाशी वाकला नाही तर दिवसभर प्रत्येक पावलाला तुम्ही बुटाशी भांडत असता. रुंदी इथे अक्षरांत असते. साधारणपणे पुरुषांचा मध्यम पाय 'डी', बायकांचा 'बी'. आपल्यातले अनेक जण लहानपणी चपलांवर नाहीतर अनवाणी वाढले, त्यामुळे पंजा पसरट असतो. अशा पायाला अरुंद बूट मिळाला की माणूस अर्धा नंबर वाढवून घेतो. मग बोटांना जागा होते, पण टाच आत नाचते आणि वाक चुकीच्या जागी जातो. वाढवायची असते ती रुंदी.

जाता जाता एक गोष्ट. १९९२ साली भारतातल्या दोन डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. बंद बूट घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण अनवाणी फिरणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे 'आपले पाय बिघडलेले, इथल्या लोकांचे बरोबर' असं काही नाही.

दुकानात संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. कामावर घालता तेच मोजे घालून जावं. बुटाच्या आतला इनसोल काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभं राहावं. पाऊल कडेने बाहेर पडत असेल तर तो बूट परत ठेवावा, विक्रेता काहीही म्हणो. 'घालून घालून सैल होईल' हे चामड्याच्या वरच्या भागाबद्दल थोडंफार खरं आहे, पण सेफ्टी बुटाची स्टीलची टोपी कधीच सैल होत नाही. मिनेसोटा, मिशिगनच्या मंडळींनी एवढं जास्तीचं लक्षात ठेवावं की जाड मोज्यांचे दोन थर घालून बूट घट्ट झाला तर पाय उलट जास्त गार पडतात. रक्त खेळायला जागा लागते.

बायकांची अडचण वेगळी. माझी पहिली काही वर्षं पुरुषांच्या बुटांत गेली. बायकांसाठी म्हणून जे सेफ्टी बूट मिळत त्यांतले बरेचसे पुरुषांचा साचा लहान करून बनवलेले वाटत. टाच सैल आणि पंजा आवळलेला. आता परिस्थिती बरी आहे. बांधकामावरची संरक्षक साधनं कामगाराच्या अंगाला नीट बसलीच पाहिजेत, असा स्पष्ट नियम ओशाने डिसेंबर २०२४ मध्ये केला आणि १३ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. पण बुटांचे पैसे कोणी द्यायचे? २००७ च्या नियमाप्रमाणे बहुतेक संरक्षक साधनांचा खर्च मालकाने करायचा असतो. त्यात अपवाद साध्या स्टील-टो बुटांचा, ते कामाबाहेरही वापरता येतात म्हणून. मला माझी कंपनी भत्ता देते. माझ्याच साइटवर रीबार बांधणारा, माझ्या दुप्पट वेळ उभा राहणारा माणूस मात्र स्वतःच्या खिशातून बूट घेतो, आणि मग स्वस्तातला घेतो. हे मला पटत नाही आणि मी ते आमच्या बैठकांत बोलत असते.

आता इनसोल. लोक तीनशे-चारशे डॉलर देऊन साचा काढून इनसोल बनवून घेतात. काही पायांना त्याची गरज असतेही. पण टाचदुखीसाठी तयार मिळणारा इनसोल आणि जोडीला पोटरीचे ताण देणारे व्यायाम एवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं. १९९९ साली २३६ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवातीच्या उपचारासाठी तयार इनसोल महागड्या इनसोलपेक्षा कमी तर ठरले नाहीतच, थोडे सरस ठरले. तेव्हा आधी स्वस्त उपाय करून पाहावा. फक्त बुटातला मूळचा काढून मग नवा घालावा. एकावर एक ठेवले तर आतली जागा कमी होते आणि वरून पाऊल दाबलं जातं. चिप कारखान्यातल्यांसाठी एक सूचना: स्थिर वीज वाहून नेणारे बूट असतील तर बाहेरचा इनसोल घालण्यापूर्वी सेफ्टीवाल्यांना विचारा. बुटाचा तो गुणच त्याने जाऊ शकतो.

हे सगळं दुखणाऱ्या पायांबद्दल झालं. खरी काळजी न दुखणाऱ्या पायांची आहे.

पॉल ब्रँड हे डॉक्टर तामिळनाडूत जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरला काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटं 'झडतात' ही समजूत त्यांनी मोडून काढली. बोटं आपोआप झडत नव्हती. संवेदना गेल्यामुळे खडा, खिळा, चटका कळत नव्हता आणि त्या जखमांतून पाय जात होते. त्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा तळ असलेली पादत्राणं वापरात आणली. आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामात असलेल्यांना त्या एम.सी.आर. चपला माहीत असतील. १९६६ साली ब्रँड लुइझियानातल्या कारव्हिलला आले आणि हेच ज्ञान तिथे मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरलं जाऊ लागलं. म्हणजे आज इथे मधुमेह्याला जो खास बूट आणि इनसोल मिळतो, त्याचं एक मूळ भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या चपलेत आहे. इथल्या मेडिकेअरमध्ये १९९३ पासून पात्र मधुमेह्यांना वर्षाला खास बुटांचा एक जोड आणि इनसोलचे तीन जोड मिळू शकतात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. अनेकांना हे माहीतच नसतं.

भेटीला आलेल्या आपल्या आईवडिलांना मेडिकेअर नसते, हे मात्र लक्षात असू द्या. माझे वडील मधुमेही. एका जुलैत ते दुपारी सवयीने अनवाणी टपालपेटीपर्यंत जाऊन आले. ह्यूस्टनच्या जुलैतलं काँक्रीट! रात्री आईला त्यांच्या तळव्यावर फोड दिसले. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. जखम भरायला सात आठवडे लागले आणि परतीचं तिकीट बदलावं लागलं.

घरात चप्पल घाला म्हटलं तर ते ऐकेनात. "घरात पादत्राण?" देवघरासमोरून तर नाहीच. इथे मला आपल्या समाजाबद्दल बोलावंच लागतं. चामडं अपवित्र, जोडा उंबऱ्याबाहेर, आणि जोडा शिवणारा माणूसही उंबऱ्याबाहेर. पावलाचं ज्ञान ज्याच्याकडे होतं, जो कागदावर पाऊल ठेवायला सांगून भोवती रेघ ओढून माप घ्यायचा, त्याच्या हातचं पाणी आपल्या घरांतून चाललं नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने एकमेकांना ईमेल पाठवल्या. पण तो कारागीर आपल्या पंगतीत कधी बसला होता का, हे त्यातल्या एकाही ईमेलमध्ये नव्हतं. ज्या विटाळाने त्याला बाहेर ठेवलं, त्याच विटाळापायी माझे वडील बधिर पायांनी अनवाणी फिरत होते.

शेवटी मी घरातल्यासाठी वेगळा जोड आणला, चामडं नसलेला, मागे पट्टा असलेला, फक्त घरात वापरायचा. नुसत्या सपाता नकोत, त्या पायातून निसटतात. तो जोड वडिलांनी मान्य केला. वाद जिंकण्यापेक्षा तळवे वाचणं मला महत्त्वाचं वाटलं. वाद अजून चालू आहे. शिवाय रोज रात्री तळवे आरशात बघायचे आणि बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, सुरकुतलेला इनसोल आहे का ते पाहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. डॉक्टर १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याची संवेदना तपासतात. तपासणी काही मिनिटांची असते आणि मधुमेह असेल तर वर्षातून एकदा मागून करून घ्यावी.

मागच्या टेबलावर माझे दोन जुने बूट आणि पाच प्रकारचे इनसोल ठेवले आहेत. चहाच्या वेळी मोजे काढून त्यांवर उभं राहून बघा. लाजू नका, मी टेबलाखाली वर्तमानपत्र अंथरलं आहे.