नाणी ज्याची, मत त्याचं?



२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ट्विटरने वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आणले, तेव्हा कितीतरी जण निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर गेले. तेव्हापासून एक प्रश्न सारखा ऐकते: कंपनीच्या मर्जीवर राहण्यापेक्षा ब्लॉकचेनवर चालणारा सोशल मीडिया का वापरू नये? मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, कोडिंग मला येत नाही. पण प्रश्न सत्तेचा आहे, आणि तो आपलाच विषय आहे.

गावात जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असायची. दप्तर ज्याच्या हाती त्याची मर्जी सांभाळावी लागते, हे आपल्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नाही. ब्लॉकचेनमध्ये एकच वही अनेकांच्या संगणकांवर असते आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते. एकाने गुपचूप खाडाखोड केली तर ती बाकीच्या वह्यांशी जुळत नाही. आपलं लिखाण कुणा एकाला पुसता येत नाही, ही गोष्ट लहान नाही.

पण वहीवर सत्ता कुणाची? २०१६ साली सुरू झालेलं स्टीमिट बघा. लिहिणाऱ्याला नाणी मिळायची, लेखाला पसंती देणाऱ्यालाही. ऐकायला छान. मात्र पसंतीचं वजन खात्यातल्या नाण्यांवर ठरायचं. नाणीवाल्याच्या एका पसंतीने लेख वर जाई, नव्याने आलेल्या शंभर जणांच्या पसंतीने हलतही नसे. सुरुवातीचा मोठा साठा कंपनीकडेच होता. फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन यांनी ती कंपनी विकत घेतली, नाण्यांसकट. वही सांभाळायला मतदानाने निवडलेल्या लोकांनी तो साठा गोठवला. मार्चमध्ये काही मोठ्या एक्सचेंजेसनी ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतदानाला लावली आणि ही निवडलेली माणसं बाहेर फेकली गेली. शेवटी २० मार्चला बऱ्याच सदस्यांनी वहीची प्रत घेऊन हाइव्ह नावाचं वेगळं जाळं काढलं. (प्रत घेऊन निघता आलं, हे ट्विटरवर जमलं नसतं, एवढं श्रेय द्यायला हवं.)

ब्रिटिश काळात आपल्याकडे मत मिळायचं ते मालमत्ता, कर, शिक्षण बघून. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. नाण्यांवर मत मोजणारं जाळं मला त्याही आधीच्या काळातलं वाटतं, कोड कितीही नवा असो.

दुसरी अडचण न पुसण्याचीच. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव न सांगणारे आपल्यात आहेत. कुणी त्यांची जात, पत्ता, फोटो या वहीत टाकला तर? आपलं लिखाण जपणारी वही ती शिवीही जपते.

मला उपयोग दिसतो तो छोटा. वसतिगृहाच्या ग्रुपवर कुणी जातिवाचक शिवी लिहितो, तासाभरात पुसतो. तुमच्याकडे स्क्रीनशॉट उरतो आणि समोरचा म्हणतो, हा आत्ता बनवलाय. त्या फाइलचा गणिती ठसा, म्हणजे हॅश, त्याच दिवशी ब्लॉकचेनवर नोंदवला असेल, तर मजकूर उघड न करता दाखवता येतं की ही फाइल तेव्हा होती आणि नंतर बदललेली नाही. शिवी त्यानेच लिहिली, हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी मूळ फोन, साक्षीदार आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार लागतेच. तो फोन जपून ठेवा, फॉरमॅट करू नका.

आता तुमचे प्रश्न घेते.